दमाचा रस्ता : दक्षिण फ्रान्समधील घळया, गावे आणि सायकल

नेस्क ही प्रोव्हाँसमधील एक लहानशी नदी. वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात पाण्यापेक्षा पांढरे गोटेच अधिक दिसतात. तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडावा इतकी ती क्षीण आहे. परंतु व्हाँतू पर्वताच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या पठारात तिने जी घळई कोरून ठेवली आहे, ती पाहिल्यावर पाण्याच्या चिकाटीविषयी काही निराळे सांगावे लागत नाही. या घळईच्या एका कड्याला धरून व्हिल-स्यूर-ओझों या गावापासून मोन्यो या गावापर्यंत एक अरुंद रस्ता जातो. वाटेत खडक पोखरून काढलेले बोगदे लागतात, ओक आणि बॉक्सच्या झुडपांचा वास येतो, आणि सुमारे ७३४ मीटर उंचीवरच्या एका वळणावर पलीकडचा ‘रोशे द्यू सीर’ म्हणजे मेणाचा खडक अचानक समोर उभा राहतो. त्याच्या कपारींतील मधमाश्यांच्या पोळ्यांवरून त्याला हे नाव पडले. प्रोव्हाँसाल भाषेचा महाकवी फ्रेदेरीक मिस्त्राल याने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कालांदाउ’ या काव्यात या खडकाला स्थान दिले आहे, आणि त्या वळणावर कवीच्या स्मरणार्थ एक शिलालेखही आहे.

या रस्त्याने आज मोटारी फारशा जात नाहीत. घाई असलेला मनुष्य ‘मधमाश्यांची खिंड’ या नावाच्या दुसऱ्या रस्त्याने पठार ओलांडतो. घळईतला रस्ता उरतो तो मुख्यतः सायकलस्वारांना. आणि सायकलस्वाराला येथे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. एवढा भयंकर कडा, तरी चढ मात्र सौम्य. शंभर मीटर अंतरात दोन-तीन मीटरच वर नेणारा. ज्याने हा रस्ता आखला त्याला सायकलीची पर्वा असण्याचे कारण नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे होती ओझे ओढणारी जनावरे. घोड्याचा किंवा खेचराचा दम जेथे तुटेल तेथे गाडीवाटेचा उपयोग संपतो, म्हणून डोंगरी रस्ता नागमोडी घ्यायचा, दरीच्या कडेकडेने लांबवायचा आणि चढ पसरून टाकायचा, ही जुन्या रस्तेबांधणीची रीत होती. जनावराच्या छातीवरून घेतलेले हे माप पुढे माणसाच्या पायांनाही बेताचे ठरले. दक्षिण फ्रान्समधील सायकलीचा इतिहास लिहिताना शर्यती आणि विक्रम यांच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु त्या इतिहासाचा पाया असलेले हे दमाचे रस्ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या किमतीने बांधले, याची चौकशी क्वचितच होते.

ती चौकशी सेव्हेन पर्वतराजीपासून आरंभिणे योग्य ठरेल. प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा फतवा चौदाव्या लुईने १६८५ साली रद्द केला, तेव्हा या डोंगरांतील प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांना वश करणे हे लाँगदोक प्रांताचा इंतांदां, म्हणजे राजाचा प्रांताधिकारी, बाव्हिय याचे काम झाले. तोफा आणि शिपाई जेथे पोचत नाहीत तेथे राजाचा हुकूमही पोचत नाही, हे ओळखून त्याने डोंगरांतल्या खेचरांच्या पायवाटा रुंद करवून घेतल्या. २४ जुलै १७०२ रोजी पाँ-द-माँव्हेर या गावात आबे द्यू शेला या धर्मछळाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या धर्मगुरूची हत्या झाली आणि कामिझारांचे बंड पेटले. १७०४ पर्यंत ते धुमसत राहिले. सेंत-झ्याँ-द्यू-गार आणि फ्लोराक यांच्या दरम्यान डोंगराच्या कण्यावरून जाणारा जो मार्ग आज ‘कॉर्निश दे सेव्हेन’ म्हणून सायकलस्वारांना प्रिय आहे, तो मुळात या दमनासाठी सुधारलेला लष्करी रस्ता होय. ज्या वळणावर थांबून प्रवासी निळ्या डोंगररांगांचे कौतुक करतो, तेथे एके काळी पहारेकरी त्याच रांगांतून निघणारा धूर मोजत असत.

पुढे या रस्त्यांवरून निराळी रहदारी सुरू झाली. सेव्हेन आणि आर्देश या भागांचे अर्थकारण दोन झाडांवर उभे होते : चेस्टनट आणि तुती. चेस्टनटला येथे ‘भाकरीचे झाड’ म्हणत, कारण गहू न पिकणाऱ्या उतारांवर गरिबांचे पोट तेच भरी. तुतीवर रेशमाचे किडे पोसले जात. आर्देशमधील आपल्या प्राडेल या वाडीवर शेतीचे प्रयोग करणारा ऑलिव्हिए द सेर (१५३९–१६१९) याने तुतीचा पुरस्कार केला होता. अडीच शतकांनंतर, १८५३ साली, फ्रान्समध्ये कोशांचे उत्पादन २६,००० टनांवर गेले. हे शिखर ठरले. लगेच ‘पेब्रीन’ नावाच्या रोगाने किड्यांचा संहार आरंभला. १८६५ पासून लुई पाश्चरने आलेस येथे राहून त्या रोगावर संशोधन केले आणि निरोगी अंडी निवडण्याची पद्धत शोधून काढली. परंतु १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आशियातील रेशीम स्वस्तात येऊ लागले, आणि विज्ञानाने वाचवलेला किडा बाजाराने मारला. चेस्टनटलाही मुळे कुजवणाऱ्या रोगाने गाठले.

आता रस्त्यांनी आपले दुसरे रूप दाखवले. माल बाहेर नेण्यासाठी केलेल्या वाटांनी माणसे बाहेर जाऊ लागली. लोझेर हा जिल्हा या दृष्टीने बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सुमारे १,४०,००० लोक राहत. १९९० च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ७३,००० भरली. तार्न नदीच्या प्रसिद्ध घळईत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तळातून सलग रस्ता नव्हता. नावाडी प्रवाशांना प्रवाहाबरोबर खाली नेत. पुढे सेंत-एनिमी ते ल रोझिए असा रस्ता झाला, आणि पलीकडच्या तीरावरील काही वाड्यांचा संबंध मात्र होडीशी आणि नदीवर ताणलेल्या तारेशीच राहिला. रस्ता आला ती गावे रिकामी झाली आणि रस्ता न आलेल्या वाड्याही रिकाम्याच झाल्या. तेव्हा केवळ रस्त्याला दोष देणे हा अर्थात भाबडेपणा होईल. रॉबर्ट लुई स्टीव्हनसनने १८७८ च्या शरदात मोदेस्तीन नावाच्या गाढवीला सोबत घेऊन ल मोनास्तिए ते सेंत-झ्याँ-द्यू-गार हा प्रवास बारा दिवसांत केला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाचे वाचक पुष्कळदा विसरतात की तो ज्या डोंगरांतून चालला, तेथून लोक त्याच काळात उलट दिशेने, शहरांकडे आणि खाणींकडे, चालू लागले होते.

ज्या खाणींकडे आणि कारखान्यांकडे हे लोक गेले त्यांतले एक मोठे ठिकाण सेंत-एतिएन. खऱ्या अर्थाने ते दक्षिणेतले शहर नव्हे. ते दक्षिणेचे दार आहे. कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती या तीन धंद्यांवर ते वाढले. बंदूक घडवणाऱ्या हाताला सायकल घडवणे अवघड नव्हते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर फ्रान्समधील सायकल-उद्योगाचे केंद्र बनले. याच शहरात रेशमाचा व्यापार सोडून सायकलीच्या मागे लागलेला एक गृहस्थ राहत असे. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. परंतु वाचक त्याला ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखत. १८५३ साली, म्हणजे रेशीमकोशांच्या त्या शिखरवर्षीच, व्हाँतूच्या परिसरातील पेर्न या गावी त्याचा जन्म झाला होता. कोव्हेंट्रीहून इंग्रजी सायकली आणून विकण्याचे दुकान त्याने काढले, आणि १८८७ साली एक मासिक सुरू केले. ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले.

व्हेलोसिओच्या आयुष्याचा गाभा एका खिंडीत आहे. सेंत-एतिएनच्या दक्षिणेस वेशीपासून बारा-तेरा किलोमीटर चढत गेले की ‘कोल द ला रेप्युब्लिक’ म्हणजे प्रजासत्ताकाची खिंड लागते. उंची ११६१ मीटर. सुरूच्या जातीच्या उंच वृक्षांचे दाट रान दोन्ही बाजूंना असल्याने तिला ‘मोठ्या रानाची खिंड’ असेही नाव आहे. ती ओलांडली की उतार ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे, पर्यायाने ऑलिव्हच्या आणि सायप्रसच्या मुलखाकडे, घेऊन जातो. शहरातील धुरात राहणाऱ्या मनुष्याला सूर्याकडे जायचे तर ही खिंड चढणे भाग होते. आणि त्या काळची सायकल चढासाठी बनलेली नव्हती. पॅडलची एक फेरी पूर्ण झाली की चाक ठराविक अंतर पुढे जाई. हे अंतर मोठे ठेवावे तर सपाटीवर वेग मिळे, पण चढावर गुडघे मोडत. लहान ठेवावे तर चढ निघे, पण सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरवूनही मजल सरकत नसे. पाइप ओढत ओढत पुढे निघून गेलेल्या एका तरुण स्वाराने या खिंडीत व्हेलोसिओला मागे टाकले आणि तेव्हापासून त्याने गिअरचा ध्यास घेतला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, दोन भिन्न अंतरे एकाच सायकलीवर मिळवण्याचे त्याचे प्रयोग खरे आहेत. प्रारंभी साखळी हाताने एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. पुढे स्वार न उतरता गिअर बदलणाऱ्या युक्त्या निघाल्या. काही त्याच्या, पुष्कळशा इतरांच्या. त्याने आपल्या मासिकाची पाने त्या सर्वांना मोकळी ठेवली आणि पेटंटांच्या मागे लागून पैसा करण्याचे टाळले. त्याच्याभोवती जमलेल्या कारागिरांना आणि प्रवाशांना ‘सेंत-एतिएनचा पंथ’ असे नाव पडले.

या पंथाला विरोध झाला तो पॅरिसमधून. ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचा संपादक आंरी देग्रांज हा स्वतः मोठा सायकलपटू होता. १९०२ साली तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाटात प्रवासी सायकलींची चाचणी भरवली. तीत मार्थ एस या महिलेने सेंत-एतिएनच्या ‘गोलवाझ’ सायकलीवर, तीन गतींच्या गिअरच्या साह्याने, भाग घेतला. गिअरची उपयुक्तता याहून स्पष्टपणे सिद्ध होणे कठीण होते. देग्रांजचे मत मात्र असे पडले की ही सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावी. तरुणाने स्नायूंच्याच बळावर जिंकावे. या मतात एक प्रकारची निष्ठुर सुसंगती आहे, हे मान्य केले पाहिजे. देग्रांजला रस्त्यावर नायक हवे होते, आणि नायक घडायचा तर घाटाने त्याला मोडू पाहिले पाहिजे. व्हेलोसिओला घाटापलीकडचे गाव हवे होते.

१९०३ च्या जुलैत देग्रांजने ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. दुसऱ्या टप्प्यात लिओंहून मार्सेयकडे जाताना स्पर्धकांना जो घाट चढावा लागला, तो हाच, प्रजासत्ताकाच्या खिंडीचा. शर्यतीच्या इतिहासात पहिल्या घाटाचा मान पुष्कळदा १९०५ मधील बालों दाल्सासला दिला जातो, तो चुकीचा आहे. पुढच्या वर्षी या खिंडीत जे घडले त्याने शर्यतच बंद पडायची वेळ आली. टप्पे तेव्हा रात्रीच सुरू होत. १९०४ साली अंधारात सेंत-एतिएनचा स्थानिक स्पर्धक आंत्वान फोर पुढे निघून गेला, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांवर रानात दबा धरून बसलेला जमाव काठ्या व दगड घेऊन तुटून पडला. मागील वर्षीचा विजेता मोरीस गारँ यालाही मार बसला. पंचांनी पिस्तुले झाडून लोकांना पांगवले. त्यानंतरच्या टप्प्यात नीम शहरी आलेसचा स्पर्धक पायां याच्या चाहत्यांनी पुन्हा दंगल केली. वर्षअखेरीस गारँसह पहिले चारही स्पर्धक बाद ठरले आणि एकोणीस वर्षे वयाचा आंरी कोर्ने विजेता घोषित झाला. देग्रांजने ‘तूर’ संपल्याचे उद्विग्नपणे लिहिले. अर्थात पुढील वर्षी ती पुन्हा झालीच.

या दंगलींकडे केवळ गुंडगिरी म्हणून पाहिले तर त्यांचा अर्थ हाती लागत नाही. पॅरिसमधील एका वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी आखलेला कार्यक्रम रात्रीच्या वेळी आपल्या गावावरून झपाट्याने निघून जातो, आणि आपल्या मुलाने त्यात हरायचे असते, हे खाणकामगारांच्या त्या मुलखाला मानवले नाही. ज्या रस्त्याने मालक, शिपाई आणि करवसुली अधिकारी आले त्याच रस्त्याने आता तमाशाही आला होता. तो आपलाही असावा असे त्यांना वाटले. त्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग अर्थातच समर्थनीय नव्हता. पुढे हीच खेडी ‘तूर’ येण्याची वर्षभर वाट पाहू लागली. रोलां बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजी’ या ग्रंथात या शर्यतीला महाकाव्य म्हटले आहे आणि व्हाँतूला तर त्याने बळी मागणाऱ्या दुष्ट दैवताचे रूप दिले आहे. गिअर बदलण्याची मुभा त्या महाकाव्यातील नायकांना १९३७ साली, देग्रांजने सूत्रे सोडल्यानंतर, मिळाली. तोवर दक्षिणेतील सामान्य प्रवासी तीस-पस्तीस वर्षे गिअर वापरत आलेला होता. तंत्रज्ञान विजेत्यांकडून सामान्यांकडे झिरपते असे सामान्यतः मानतात; येथे ओघ उलटा होता.

व्हेलोसिओच्या प्रवासांची रीत विलक्षण होती. शनिवारी दुकान बंद करून तो रात्री निघे, खिंड ओलांडून ऱ्होनच्या खोऱ्यात उतरे, पहाटे प्रोव्हाँसमध्ये पोचे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर असे. क्वचित तो चाळीस-चाळीस तास सायकलीवर असे. तो शाकाहारी होता आणि एस्परांतो भाषेचा अभ्यासक होता. मासिकातून त्याने प्रवाशांसाठी जे नियम सांगितले त्यांत मोठे तत्त्वज्ञान नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, झोप आणि भूक मरेल इतके थकू नये, पहिल्या तासांत उतावीळ होऊ नये, प्रवासात मद्य, मांस व तंबाखू टाळावी. अखेरचा नियम मात्र निराळ्या जातीचा आहे : केवळ अहंकारापोटी पॅडल मारू नये. बारकाईने पाहिले तर हे नियम गाडीवानाने आपल्या जनावराच्या बाबतीत पाळावेत असेच आहेत. ज्या दमाच्या मापाने रस्ता आखला गेला, त्याच मापाने तो वापरावा, इतकेच त्यांचे सार.

अहंकाराचा प्रश्न या मुलखात नवा नाही. २६ एप्रिल १३३६ रोजी पेत्रार्क आपला भाऊ गेरार्दो याच्यासह मालोसेन गावाहून व्हाँतूवर चढला, असे त्याचे प्रसिद्ध पत्र सांगते. एका वृद्ध धनगराने त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. शिखरावर कवीने संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ उघडले, आणि पर्वत पाहून विस्मित होणारी माणसे स्वतःकडे मात्र पाहत नाहीत अशा आशयाचा उतारा नेमका समोर आल्याने तो खजील होऊन मौनपणे खाली उतरला. हे पत्र पेत्रार्कने बऱ्याच वर्षांनी रचले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यक्ष चढाईविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. परंतु दृश्य पाहण्यासाठी डोंगर चढणाऱ्या माणसाची कल्पना त्या पत्राने युरोपीय साहित्यात रुजवली, यात वाद नाही. पुढील पाच शतके व्हाँतूवर चढत ते धनगर, लाकूडतोडे आणि वनस्पतींचे अभ्यासक. तूलाँच्या जहाजांसाठी त्याचे रान तोडले गेल्याने माथा बोडका झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतारांवर पुन्हा झाडे लावण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. कीटकशास्त्रज्ञ झ्याँ-आंरी फाब्र या पर्वतावर अनेकदा गेला. १८८० नंतरच्या दशकात शिखरावरील वेधशाळेसाठी बेदुआँ गावाहून गाडीरस्ता झाला. म्हणजे हाही रस्ता सायकलीसाठी नव्हता. हवामान मोजणाऱ्यांसाठी होता.

बेदुआँ हे गाव आज सायकलींनी गजबजलेले असते. तेथून शिखर एकवीस किलोमीटर, आणि चढ सुमारे १६०० मीटरांचा. कॅफेच्या दारात बसून गिअर तपासणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की १७९४ साली, गावातील ‘स्वातंत्र्यवृक्ष’ रात्री कोणी उपटला म्हणून, क्रांतीच्या सैन्याने या गावातील ६३ जणांना ठार केले आणि घरे जाळली. रस्ता वर जातो आणि गाव मागे राहते. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावांचे हे प्राक्तनच दिसते.

याच रस्त्यावर १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्पसन शिखरापासून दीड किलोमीटरवर कोसळला आणि मरण पावला. कडक ऊन होते. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन सापडले. तेथे उभारलेल्या स्मारकापाशी लोक पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात. त्यापासून फार दूर नाही असा चढाचा आणखी एक मार्ग आहे, सो या गावाहून येणारा. नेस्कच्या घळईतून वर आलेला प्रवासी लव्हेंडरच्या शेतांमधून त्या मार्गाने सव्वीस किलोमीटर चढून शिखरावर पोचतो. हा मार्ग तिन्ही मार्गांत लांब आणि सौम्य आहे. ‘तूर’च्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते.

व्हेलोसिओचा मृत्यू २७ फेब्रुवारी १९३० रोजी झाला, तोही रस्त्यावरच. सेंत-एतिएनमध्ये सायकल हातात धरून रस्ता ओलांडताना मोटारीपासून बचावण्यासाठी तो मागे सरला आणि ट्रामखाली सापडला. त्या वेळी त्याच्याजवळ सेनेकाची पत्रे होती असे सांगतात. तो हयात असतानाच, १९२२ पासून, प्रजासत्ताकाच्या खिंडीत त्याच्या नावाने वार्षिक मेळावा भरू लागला होता, आणि ईस्टरला प्रोव्हाँसमध्ये जमण्याची त्याची प्रथा त्याच्या पश्चातही टिकली. १९४७ साली पॅरिसच्या ओदाक्स क्लबने ‘फ्लेश व्हेलोसिओ’ म्हणजे व्हेलोसिओचा बाण नावाचा उपक्रम सुरू केला. तीन ते पाच सायकलींचा गट देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून निघून चोवीस तासांत किमान ३६० किलोमीटर तोडतो आणि सर्व बाण ईस्टरला प्रोव्हाँसमध्ये येऊन थांबतात. क्रमांक दिले जात नाहीत. गेल्या काही दशकांत मुंबई, पुणे, नाशिक येथील स्वारही याच क्लबच्या परंपरेतील ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ फेऱ्या करू लागले आहेत. त्यांतील किती जणांना या दुकानदार-संपादकाचे नाव माहीत असेल हा प्रश्नच आहे.

१९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. रेल्वेने, सायकलींनी आणि दोघांच्या सायकलींनी शहरी कामगार पहिल्यांदाच आपल्याच देशाचा दक्षिण भाग पाहायला निघाले. त्यांतील अनेकांचे आजोबा याच डोंगरांतून शहरात गेले होते. नातवंडे परत आली ती पाहुणी म्हणून. मानोस्कचा कादंबरीकार झ्याँ जिओनो याने १९३० च्या ‘रगँ’ या कादंबरीत ओबिन्यान नावाचे ओस पडत चाललेले काल्पनिक खेडे उभे केले होते. तेथे एक पुरुष आणि एक स्त्री पुन्हा नांगर धरतात आणि गाव जिवंत होते. कादंबरीत हे शक्य असते. प्रत्यक्षात पठारावरची अनेक गावे उन्हाळ्यात उघडणाऱ्या खिडक्यांची गावे झाली. आर्देशमध्ये सेंत-फेलिसिएँ येथून १९९२ पासून ‘आर्देशवाझ’ ही सायकलफेरी निघते. हजारो स्वार जूनमध्ये त्या डोंगरांतून जातात आणि वाटेतील गावे पिवळ्या-जांभळ्या रंगांत सजून त्यांना खाऊ-पिऊ घालतात. हा एका दिवसाचा सण आहे असे म्हणून त्याला हसणे सोपे आहे. परंतु १९०४ च्या रात्री रानात काठ्या घेऊन उभे असलेल्या लोकांच्या मुलखालगतच हे घडते, आणि पाहुणा निघून जाण्याआधी थांबतो, एवढा फरक त्यात निश्चित आहे.

व्हेर्दों नदीची घळई या सर्वांत खोल. काही ठिकाणी कडे सातशे मीटर उंच आहेत. १९०५ च्या ऑगस्टमध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहाशोधकाने ती आरपार पार केली. त्याला सरकारने पाठवले होते ते सौंदर्य पाहण्यासाठी नव्हे, तर प्रोव्हाँसला पाणी कोठून पुरवता येईल याचा अभ्यास करण्यासाठी. वाटाड्यांमध्ये रूगों गावचा शाळामास्तर इसिदोर ब्लां होता. त्याला ती घळई मार्तेलपेक्षा अधिक ठाऊक होती. तूरिंग क्लबने पुढे तळाशी जी पायवाट केली तिला मार्तेलचे नाव मिळाले. मास्तराचे नाव त्याच्या आधी जोडून ‘ब्लां-मार्तेल’ असे म्हणण्याची रीत फार नंतर पडली. त्या पायवाटेवर अंधारे बोगदे लागतात. ते एका सोडून दिलेल्या जलविद्युत योजनेचे अवशेष आहेत. दक्षिणेकडील कड्यावरून जाणारी ‘कॉर्निश सुब्लीम’ १९४७ साली खुली झाली. ती मात्र आरंभापासून प्रवाशांसाठी, दृश्यासाठी बांधलेली होती, आणि सायकलस्वाराला ते लगेच कळते. मोटारीला दमाची चिंता नसल्याने येथला चढ कोठेही, कसाही उभा राहतो.

मार्तेलला ज्या पाण्यासाठी पाठवले ते पाणी अखेरीस घळईच्या तोंडाशी अडवण्यात आले. सेंत-क्रूवाचे धरण १९७३–७४ मध्ये भरू लागले. खोऱ्यातील ले साल हे गाव त्यात गेले. घरे पाडण्यात आली, दफनभूमी हलवण्यात आली आणि जलाशयाच्या काठावर त्याच नावाचे नवे गाव वसवण्यात आले. जुना दगडी पूलही पाण्याखाली गेला. कॉर्निशवरून खाली उतरणारा सायकलस्वार आता एग्विन गावाच्या वळणांवर येतो, तेव्हा त्याला समोर फिकट निळे, रुंद तळे दिसते. बहुतेक जण तेथे छायाचित्र घेतात. खोऱ्यातला जुना रस्ता त्या पाण्याखाली आहे. नवा रस्ता काठाकाठाने वळसा घेऊन नव्या ले सालकडे जातो.